परक्याची पारख

हुबळी-धारवाड किंवा बेळगावकडच्या मराठी घरांत ‘त्यांना टाटाला नेले आहे’ एवढे शब्द कानी आले, की पुढे काही विचारावे लागत नाही. रोगाचे नाव उच्चारण्याची गरजच उरत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तेव्हापासून आपल्या या भागातून किती माणसे हातात कागदांची पिशवी धरून त्या पायऱ्या चढली असतील, त्याची गणती नाही. आता उपचारासाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. हुबळीहून धारवाडला येताना वाटेत नवनगर लागते, तेथे कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. या संस्थेच्या नावात उपचार आणि संशोधन असे दोन शब्द जोडीने आले आहेत. ज्याच्या घरी दुखणे आले आहे त्याची दृष्टी साहजिकच पहिल्या शब्दावर खिळते. मला आज दुसऱ्या शब्दाविषयी बोलावयाचे आहे, आणि तेही एका बाईंच्या आयुष्याच्या आधाराने.

तत्पूर्वी एक प्रश्न. कर्करोगाची गोष्ट निघाली की तो हटकून विचारला जातो. ताप येतो, गोवर येतो, जखम चिघळते. शरीर त्यांच्याशी झुंजते आणि बहुतेक वेळा जिंकतेही. मग तेच शरीर कर्करोगापुढे हात टेकून का बसते? हा प्रश्न मुळीच भाबडा नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षे मोठमोठे शास्त्रज्ञ तोच विचारीत आले आहेत. भाबडे असते ते बाजारात मिळणारे उत्तर. ‘प्रतिकारशक्ती वाढवा आणि कर्करोग घालवा’ असे सांगणारी चूर्णे, काढे आणि बाटल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या नादाने दोन-तीन महिने दवडले जातात आणि शस्त्राने सहज निघाली असती अशी गाठ हाताबाहेर जाते. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही.

खरी अडचण शक्तीची नसून ओळखीची आहे. आपल्या रक्तातील रक्षक पेशी आपले आणि परके यांत निवड करतात. देवीचा किंवा क्षयाचा जंतू उघड उघड परका. त्याच्यावर त्या तुटून पडतात. कर्करोगाची पेशी मात्र बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच यकृताची, आपल्याच जिभेची, आपल्याच स्तनाची पेशी असते, फक्त तिने वाढीचा धरबंध सोडलेला असतो. बाहेरचा चोर पकडणे सोपे. घरातलाच माणूस चोरी करू लागला तर दारावरचा पहारेकरी त्याला अडवील कसा? तेव्हा शास्त्राचा प्रश्न असा होता: या घरभेद्याच्या अंगावर परकेपणाची एखादी तरी खूण असते का? असली, तर शरीराला ती कधी दिसते का? या प्रश्नाचा विचार करणारे शास्त्र ते कर्करोगाचे रोगप्रतिकारशास्त्र. आपल्या देशात या शास्त्राला ज्या थोड्या माणसांनी पाय रोवण्यापुरती जमीन करून दिली, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव फार वरचे आहे.

कमलाबाई मूळच्या समर्थ. जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917 चा. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण हुजूरपागेत आणि नंतर वडिलांच्याच महाविद्यालयात. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, आणि 1939 च्या मे महिन्यात ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी विवाह केला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास. यजमानांनी या अभ्यासात त्यांना मदत केली, असे सांगतात. सीताफळ-रामफळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांतील गुणसूत्रे मोजणाऱ्या मुलीचा कर्करोगाशी काय संबंध, असे वाटेल. परंतु कर्करोग ही पेशीच्या विभाजनातली बिघाडी आहे, आणि विभाजन पाहण्याची नजर झाडाच्या पेशीवर तयार झाली काय आणि माणसाच्या पेशीवर तयार झाली काय, ती नजर एकच.

मुंबईत त्या टाटा रुग्णालयात कामाला लागल्या. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. आपल्या देशातले कर्करोग आपल्या चालीरीतींनी घडवलेले आहेत, हे त्यांनी जाणले होते. तंबाखू-सुपारीने तोंडात होणारे, काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या शेकाने होणारे, एवढेच नव्हे तर धोतर कमरेला वर्षानुवर्षे काचून बांधल्याने होणारे रोगही त्यांनी नोंदले. अशा गुरूच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंना 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. खानोलकरांनीच त्यांना परदेशी जाऊन नवे तंत्र शिकून येण्याचा आग्रह केला, आणि शिष्यवृत्ती घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या.

या गायसाहेबांचे वेड एकच होते: माणसाची पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवायची. नळ्या संथपणे फिरवत ठेवणारे यंत्रही त्यांनी स्वतः बनवले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढू लागल्या आणि त्या आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पेशी संशोधनासाठी घेताना त्या बाईंची परवानगी कोणी विचारली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. विज्ञानाच्या कीर्तीवरचा तो डाग पुढे कित्येक वर्षांनी उघडकीस आला.

कमलाबाई परतल्या त्या हे तंत्र घेऊन. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने 1952 साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले होते, खानोलकर त्याचे संचालक होते. त्या केंद्रात कमलाबाईंनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली; देशातली ती पहिली. आज हे वाक्य एका दमात म्हणता येते. त्या काळी त्याचा अर्थ काय होता, ते मनाशी आणून पाहावे. पेशी म्हणजे लाडावलेले तान्हे मूल. तिला शरीरातल्याइतकीच, 37 अंशांची ऊब हवी. अन्न म्हणून रक्तद्रव हवा, अंड्यातील पिलाच्या गर्भाचा अर्क हवा. आणि हवेतला एक जरी जंतू नळीत शिरला तर आठवड्याचे काम रात्रीत नासते. मुंबईच्या पावसाळ्यात, जिथे चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे हे सारे निर्जंतुक राखावयाचे! परदेशी यंत्रसामग्री मागवायची तर परकीय चलनाची ओढाताण. मला वाटते, त्या पिढीतल्या संशोधकांचे निम्मे संशोधन अशा सामग्रीवाचून काम कसे चालवावे, याविषयीचे असे.

पेशींच्या जोडीला दुसरे साधन हवे होते, ते म्हणजे उंदीर. उंदीर म्हटला की आपल्याला धान्याची कोठी आणि मांजर आठवते. या शास्त्रात मात्र उंदीर म्हणजे सोनाराचा काटा आहे, आणि तो काटा आधी शुद्ध करून घ्यावा लागतो. त्यामागची गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधक एका उंदराची गाठ काढून दुसऱ्यात लावून पाहत. पुष्कळदा ती गाठ वितळून नाहीशी होई. झाले! शरीर कर्करोगावर मात करते, असा जयजयकार सुरू झाला. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले, की त्या दुसऱ्या उंदराला साधा कातड्याचा तुकडा लावला तरी तोही गळून पडतो. म्हणजे शरीर गाठीला नाकारीत होते ते ती गाठ आहे म्हणून नव्हे. ती दुसऱ्याची आहे म्हणून. सगळा जयजयकार फुकट गेला. आता खरा प्रश्न विचारायचा तर एका जुळ्या भावाची गाठ दुसऱ्या जुळ्या भावात लावून पाहिली पाहिजे. असे हजारो जुळे उंदीर आणावेत कोठून? भावंडांचे संकर सतत वीस पिढ्या करीत गेले, तर त्या वंशातले सारे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे एकसारखे होतात. अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी हे काम 1909 पासून हाती घेतले. अशा शुद्ध वंशांवर 1957 साली प्रेन आणि मेन या दोघांनी दाखवून दिले, की रसायनाने उठवलेली गाठ एकदा काढून टाकली तर तो उंदीर तीच गाठ पुन्हा रुजू देत नाही. मात्र आपल्या वंशातल्या दुसऱ्या उंदराचे कातडे तो बिनतक्रार स्वीकारतो. म्हणजे गाठीवर परकेपणाची खूण होती, आणि ती खूण शरीराला ओळखता येत होती. कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्राचा पाया या एका प्रयोगावर फार मोठ्या प्रमाणात उभा आहे.

आता वीस पिढ्या म्हणजे किती वर्षे, किती पिंजरे, किती टिपणवह्या, याचा हिशेब आपणच करावा. हे काम करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. परळच्या केंद्रात हे काम झाले आणि त्यातून त्या केंद्राच्याच नावाने ओळखला जाणारा उंदरांचा वंश तयार झाला. या वंशातील माद्यांना स्तनांचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होत असे. रोग होणारा वंश मुद्दाम जोपासायचा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण रोग केव्हा होणार हे ठाऊक असल्याशिवाय तो का होतो, हे कळावे कसे?

कमलाबाईंचे नाव ज्या कामासाठी मुख्यत्वे घेतले जाते, ते याच ठिकाणी येते. स्तनांचा कर्करोग, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू या तिघांचे परस्परांशी नाते काय, हे त्यांनी उंदरांच्या साहाय्याने शोधले. त्यांच्याही आधी, 1936 साली, अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला होता. ज्या वंशात हा रोग फार, त्या वंशाची पिले जन्मतःच आईपासून दूर केली आणि रोग नसलेल्या वंशाच्या दाईच्या अंगावर पाजली. पिले मोठी झाली, त्यांच्यातला रोग कितीतरी कमी झाला. उलट बाजूनेही तसेच. म्हणजे रोगाचे एक कारण रक्तातून, वंशातून न येता दुधातून येत होते. तो दुधातला घटक विषाणू असल्याचे पुढे ठरले. पण विषाणू एकटा पुरेसा नव्हे. तेच दूध प्यालेल्या नरांना सहसा रोग होत नाही. त्यांना स्त्रीसंप्रेरके टोचली तर मात्र नरांतही स्तनांचा कर्करोग उद्भवतो, हे पॅरिसच्या लाकासान्य यांनी 1932 सालीच दाखवले होते. बी, जमीन आणि पाऊस तिन्ही जुळल्यावाचून पीक उगवत नाही, हे आपल्या बाजूच्या शेतकऱ्याला सांगायला नको. कमलाबाईंचे संशोधन या तिहेरी जुळणीचे होते.

या विषाणूची पुढची गोष्ट त्यांच्या उमेदीच्या काळात कोणाला ठाऊक नव्हती. ती 1990 नंतर उलगडली आणि इतकी विलक्षण आहे की ती सांगण्याचा मोह आवरत नाही. पिलाच्या पोटात दुधावाटे गेलेला हा विषाणू आतड्याच्या भिंतीतून थेट स्तनापर्यंत पोहोचू शकत नाही. आतड्यालगत रक्षक पेशींच्या चौक्या असतात. तेथल्या एका जातीच्या रक्षक पेशीत तो शिरतो आणि तिच्या अंगावर असे एक द्रव्य उभे करतो, की ते पाहून दुसऱ्या जातीचे रक्षक, ज्यांना टी-पेशी म्हणतात ते, खवळून उठतात. त्या खळबळीत विषाणूने ग्रासलेल्या पेशींची संख्या भराभर वाढते आणि त्यांच्याच पाठीवर बसून तो स्तनापर्यंत जातो. ज्या उंदरांत त्या विशिष्ट टी-पेशीच नसतात, त्यांना हा विषाणू फारसे काही करू शकत नाही. याचा अर्थ असा, की येथे प्रतिकारशक्ती रोगाची पालखी वाहते! ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी निदान या उंदराची गोष्ट तरी ऐकावी. कोणती शक्ती, कोणाविरुद्ध आणि किती, हे ठरवल्यावाचून ‘वाढवा’ या शब्दाला अर्थ नाही.

येथे घराघरातल्या माउलींना मनापासून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अर्धवट ऐकलेली बातमी अनर्थ करते. उंदरांच्या दुधात रोगाचा विषाणू असतो म्हणून माणसाच्या दुधातही असला पाहिजे, अशी शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. मुंबईच्या पारशी समाजातील स्त्रियांत स्तनांचा कर्करोग अधिक आढळतो. त्यांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण अधिक वेळा सापडतात, असा निबंध 1971 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर त्या निबंधावर परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांचेही नाव होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात त्या निष्णात होत्या. निबंधाने खळबळ उडाली. परंतु दिसण्यात साम्य असणे वेगळे आणि रोगाचे कारण असणे वेगळे. माणसाच्या दुधातून मुलीला हा रोग जातो, असे नंतरच्या संशोधनातून सिद्ध झाले नाही. उलट, अंगावर पाजणाऱ्या मातांना स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका काहीसा कमीच असतो, हे मोठ्या पाहण्यांतून दिसून आले आहे. तेव्हा उंदराचा निष्कर्ष उंदरापुरता. बाळाचे दूध कोणीही तोडू नये.

स्तनांच्या कर्करोगाबरोबर त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या एका रोगाचे काम चालले होते, तो म्हणजे कुष्ठरोग. कर्करोगाच्या केंद्रात कुष्ठरोग कशाला, असे कोणी विचारील. उत्तर पुन्हा ओळखीतच आहे. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी 1873 साली दाखवला. पण इतर जंतूंप्रमाणे तो बशीत वाढवणे आजवर कोणालाही साधलेले नाही. आणखी विशेष असे, की ज्यांच्या अंगावर हा रोग अत्यंत पसरतो, त्यांच्या रक्षक पेशी या जंतूपुढे थंड बसून राहतात. जंतू कोट्यवधी, पण शरीराला जणू ते दिसतच नाहीत. कर्करोगात जे घडते त्याचाच हा दुसरा अवतार नव्हे काय?

या जंतूला मज्जातंतूंची आवड असते. म्हणून कमलाबाई, डॉ. सी. व्ही. बापट आणि खानोलकर यांनी मानवी चेतापेशींचे संवर्धन करून त्यात रुग्णाच्या गाठीतील अंश सोडला, आणि 1958 साली त्यातून वाढणारा एक जंतू हाती आला. केंद्राच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला आयसीआरसी जंतू म्हणू लागले. हा प्रत्यक्ष कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर जगभर वाद माजला. पुढील तपासात तो त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी निघाला. कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हे. मोठी आशा मावळली म्हणून एखाद्याने कुप्या फेकून दिल्या असत्या. तसे झाले नाही. हा भाऊबंद मूळ जंतूसारखा पुरेसा दिसत असेल, तर शरीराला तो दाखवून मूळ शत्रूची ओळख पटवता येईल, असा विचार पुढे आला. देवीच्या लसीसाठी गाईच्या देवीचा उपयोग जेन्नरने केला, तीच ही युक्ती. डॉ. बापट आणि डॉ. एम. जी. देव यांनी मारलेल्या जंतूंपासून 1979 साली लस बनवली. ती टोचल्यावर आतापर्यंत थंड राहिलेल्या कित्येकांच्या कातडीवर कुष्ठजंतूच्या अर्काची चाचणी उमटू लागली. दक्षिण भारतात 1 लाख 70 हजारांहून अधिक लोकांवर निरनिराळ्या लसींची तुलना करणारी मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले: आयसीआरसी लसीचे संरक्षण सुमारे 65 टक्के, तर नुसत्या बीसीजीचे सुमारे 34 टक्के. तोपर्यंत अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीने कुष्ठरोग पुष्कळ हटला होता आणि लसीची निकड मागे पडली होती. तरीही मला या प्रकरणाचे अप्रूप वाटते. मूळ दावा टिकला नाही, पण त्या जंतूची प्रामाणिकपणे जपणूक झाली म्हणून चाळीस वर्षांनी हिशेबाला आकडा लागला.

1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कमलाबाईंनी ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेतील आपल्या सहकाऱ्यांना हाताशी धरून तीन नवे विभाग उभे केले. त्यांतला एक कर्कजननाचा, म्हणजे कर्करोग कशाने उद्भवतो ते पाहणारा. दुसरा पेशीजीवशास्त्राचा आणि तिसरा रोगप्रतिकारशास्त्राचा. त्या स्वतः मुख्यतः पेशींच्या अभ्यासक. रोगप्रतिकारशास्त्रज्ञ ही पदवी त्यांनी स्वतःला लावून घेतली असती की नाही, मला शंका आहे. पण शुद्ध वंशाचे उंदीर आणि नळीत वाढणाऱ्या पेशी या दोन गोष्टींवाचून हा तिसरा विभाग पाटीपुरताच राहिला असता. त्याच विभागात पुढे डॉ. सुधा गांगल यांनी एक पिढी घडवली. रोगप्रतिकारशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक विद्यार्थी वापरतात. त्यांच्यामागून डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात टी-पेशींच्या एका निराळ्या जातीचे वर्तन काय असते, ते पाहिले. तोंडाचा कर्करोग हा आपल्या तंबाखू-गुटख्याच्या मुलखाचा खास रोग. त्याच्यावरचे असे काम आपल्याच देशात व्हावे, हे युक्तच होय.

1966 साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र यांचे टाटा स्मारक केंद्र या नावाखाली एकीकरण झाले. 1966 ते 1970 या काळात संशोधन संस्थेच्या संचालकपदाची धुरा कमलाबाईंकडे होती. परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांना पत्रे पाठवून परत बोलावण्याचा त्यांना छंद होता. 1973 साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना काढली. वाशीला तिचे केंद्र आहे. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर अशा साध्या गोष्टी तेथे आहेत. प्रयोगशाळेत स्त्रिया टिकत का नाहीत यावर भाषणे पुष्कळ होतात. पाळणाघर काढणारे थोडे. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करण्याचे काम 1989 साली त्यांनी सत्यनिकेतन या संस्थेबरोबर हाती घेतले. सत्तरी ओलांडलेली बाई डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुलांच्या खाण्यापिण्याची आणि रक्ताची पाहणी करू लागली. काहींना ही वाट बदलल्यासारखी वाटली असेल. पण ज्या मुलाला पोटभर अन्न नाही त्याच्या रक्षक पेशी दुबळ्या असतात, हे रोगप्रतिकारशास्त्राचे पहिले पान आहे, आणि ते वाचायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. 11 एप्रिल 2001 रोजी त्या वारल्या.

त्यांच्या हयातीत जो प्रश्न पिंजऱ्यातल्या उंदरांपुरता होता, तो आता रुग्णाच्या खाटेशी आला आहे. टी-पेशींना गाठ दिसते, पण त्यांच्यावर काही लगाम असतात आणि गाठ ते लगाम खेचून धरते, असे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो यांनी निरनिराळ्या वाटांनी दाखवले. लगाम सैल करणारे पहिले औषध 2011 साली मान्य झाले आणि 2018 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधांनी काही रुग्णांना आयुष्य परत दिले, सर्वांना नव्हे. आणि लगाम सुटलेल्या पेशी कधी कधी आपल्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर उलटतात, हेही खरे. विषाणू आणि कर्करोग यांच्या नात्यातूनही लाभ झाला, पण तो स्तनाच्या नव्हे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत. त्याचा विषाणू हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी शोधला, त्याबद्दल 2008 चे नोबेल त्यांना मिळाले. आणि त्यावरची भारतीय बनावटीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2023 च्या जानेवारीत बाजारात आणली.

परळची संशोधन संस्था 2002 साली नवी मुंबईत खारघरला गेली. तेथील रुग्णालयात 2021 च्या जूनमध्ये एका रुग्णाला त्याच्याच रक्तातल्या टी-पेशी पुन्हा टोचण्यात आल्या. मधल्या काळात त्या पेशी शरीराबाहेर काढून पोसल्या होत्या आणि रक्ताच्या कर्करोगावरची खूण ओळखणारा एक नवा अवयव त्यांच्यावर चढवला होता. भारतात अशी चिकित्सा प्रथमच होत होती. ही पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयाचे वैद्य यांनी मिळून सिद्ध केली, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिला सरकारची मान्यता मिळाली. माणसाची पेशी काढायची, नळीत जिवंत ठेवायची, वाढवायची, आणि परत द्यायची. यातला मधला भाग आपल्या देशात प्रथम कोणी जमवून आणला, ते आपण आताच ऐकले.